गिरणगाव हलले, रुग्णालये जागीच राहिली

एप्रिल २०२४ च्या अखेरीस भांडुपच्या महापालिका प्रसूतिगृहात एक सव्वीस वर्षांची स्त्री बाळंतपणासाठी दाखल झाली. शस्त्रक्रियेची वेळ आली आणि वीज गेली. जनरेटर चालू झाला नाही, मोबाईलच्या उजेडात शस्त्रक्रिया करण्यात आली, असे तिच्या नातेवाइकांचे म्हणणे होते. मूल गेले. आईला शीवच्या रुग्णालयात हलवण्यात आले. तीही वाचली नाही. त्यानंतर अकरा महिन्यांनी, मार्च २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात, पुण्यात सातव्या महिन्यातील एक स्त्री, पोटात जुळी असताना, एका नामवंत धर्मादाय रुग्णालयातून परत गेली. दहा लाख रुपयांची अनामत मागण्यात आली, अशी कुटुंबाची तक्रार होती. दुसऱ्या रुग्णालयात दोन मुलींना जन्म देऊन ती मरण पावली. या कुटुंबाची सत्ताधाऱ्यांत उठबस होती, वरून फोनही गेले होते. ज्याच्याजवळ फोन करण्याजोगा माणूस नाही, त्याची कथा वर्तमानपत्रापर्यंत पोहोचत नाही, एवढाच काय तो फरक.

दोन्ही घटनांनंतर निदर्शने झाली, चौकशा नेमल्या गेल्या, न्यायालयानेही दखल घेतली. संतापाला कारण होते आणि तो योग्यही होता. परंतु एकीकडे महापालिकेचे प्रसूतिगृह आणि दुसरीकडे धर्मादाय म्हणवणारे मोठे रुग्णालय, या दोन टोकांच्या मध्ये कष्टकऱ्याच्या घरातील बाळंतिणीला जागा कोठे आहे, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. तो प्रश्न परळ-लालबागच्या भूमीवर उभे राहून विचारला, तर त्याचे उत्तर अधिक स्पष्ट दिसू लागते. कारण गरीब बाळंतिणीसाठी या देशात जे काही उभारले गेले, त्याचा बराच मोठा भाग याच भूमीवर उभारला गेला.

केईएम रुग्णालय १९२६ चे. नौरोसजी वाडिया प्रसूती रुग्णालयही १९२६ चे, आणि त्याला लागून बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय १९२९ चे. भोवताली गिरण्यांचे भोंगे आणि दहा बाय दहाच्या खोल्यांच्या चाळी असताना ही रुग्णालये उभी राहिली. मालकांच्या दानशूरपणाचे कौतुक करावयाचे तर जरूर करावे. तथापि ज्या मजुरांच्या घामावर ती संपत्ती जमली, त्यांच्या बायका-मुलांची अवस्था त्या काळी काय होती, हेही सोबत सांगितले पाहिजे. १९२१ साली मुंबईत हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणाला गावी जात, जन्माची नोंद तेथे आणि मृत्यूची येथे होई, म्हणून हा आकडा फुगलेला आहे, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि त्यात तथ्य आहे. पण त्यातून काही वजा केले तरी उरते ते भयंकरच आहे. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरने १९२२ च्या सुमारास गिरण्यांतील स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा आई पाळीवर जाताना तान्ह्याला अफूची बाळगोळी चाटवून निजवते, हे तिला घरोघर दिसले. आई निर्दय नव्हती. पाळी चुकली तर चूल विझत होती.

ही रुग्णालये दानाने उभी राहिली. हक्क मात्र झगडून मिळवावा लागला. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आणले, ते फेटाळले गेले. १९२८ साली मुंबई विधिमंडळात तसेच विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला. मातेला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे, पण जो मालक त्या स्त्रीच्या श्रमावर नफा मिळवतो त्यालाही त्यातून सुटका नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. १९२९ साली मुंबईचा प्रसूतिलाभ कायदा झाला. असा कायदा करणारा मुंबई हा देशातील पहिला प्रांत. पुढे १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने औषधोपचार आणि प्रसूतिलाभ एका छत्राखाली आणले आणि परळमध्ये विमेदार कामगारांचे स्वतंत्र रुग्णालयही झाले. गिरणी कामगाराच्या घरात बाळंतपण हे संकट न राहता नोंदवहीतील एक नोंद व्हावी, इथवरचा हा प्रवास दोन-तीन पिढ्यांच्या संघटित लढ्यातून झाला होता.

तो १८ जानेवारी १९८२ नंतर उलटला. सुमारे अडीच लाख कामगारांचा संप मोडला गेला, गिरण्या एकामागून एक थंडावल्या, आणि नोकरीबरोबर विम्याचे कार्डही गेले. संपाच्या इतिहासात मजुरीचे, बोनसचे, नेतृत्वाच्या चुकांचे हिशेब पुष्कळ मांडले गेले आहेत. या संपात किती घरांतील बाळंतिणींचा रुग्णालयावरचा हक्क संपला, हा हिशेब मात्र कोणी मांडला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक-एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला आणि सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला मिळावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने तो केवळ रिकाम्या भूखंडापुरता राहिला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. त्या जमिनीवर काय उभे राहिले हे लोअर परळच्या पुलावरून जाणाऱ्या कोणालाही दिसते. तेथे पंचतारांकित प्रसूतिकक्षही मिळेल. पैसे आधी भरावे लागतील.

आणि माणसे? ती लालबाग, काळाचौकी, शिवडी, नायगाव सोडून विरार, नालासोपारा, बदलापूर, टिटवाळा, कर्जतकडे गेली. कोणी खोली विकून गेले, कोणी पुनर्विकासाच्या भाड्यावर गेले ते परतलेच नाहीत. रुग्णालये मात्र जागेवरून हलली नाहीत. मराठी घरात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. एका पिढीपूर्वी त्या माहेराहून केईएम किंवा वाडिया चालत दहा मिनिटांवर होते. आज तेच माहेर नालासोपाऱ्याच्या चौथ्या मजल्यावर आहे आणि मधे वसईची खाडी आहे. उरलेल्या गिरणी कामगारांना घरे देण्याचे सरकारच्या मनात आले, तेव्हा त्याला सापडली ती जागा शेलू आणि वांगणी. जुलै २०२५ मध्ये कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले, ते मुंबईतच घर हवे म्हणून. या मागणीची ‘मुंबईचा मोह’ म्हणून चेष्टा करणारे काही कमी नाहीत. त्यांनी एक गोष्ट करून पाहावी: वांगणीहून एखाद्या अडलेल्या बाईला मध्यरात्री परळपर्यंत आणून दाखवावे.

वेळेचा प्रश्न येथे अक्षरशः जीवनमरणाचा आहे. १९८५ साली ‘लॅन्सेट’मध्ये ॲलन रोझेनफील्ड आणि डेबोरा मेन यांनी एक साधा प्रश्न विचारला होता: माता-बाल आरोग्याच्या नावाने चाललेल्या या सगळ्या कार्यक्रमांत माता आहे कोठे? लस, वजन, पोषण हे सारे बाळासाठी. आई बाळंतपणात मेली तर तिच्यासाठी काही व्यवस्था नाही. पुढे १९९४ साली मेन आणि सेरीन थॅडियस यांनी मातामृत्यूंमागील उशीर तीन टप्प्यांत मांडला. घरात निर्णय घेण्यात होणारा उशीर, वाटेत होणारा उशीर, आणि रुग्णालयात पोहोचल्यावर उपचार सुरू होईपर्यंतचा उशीर. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबला नाही तर सुमारे दोन तासांत स्त्री जाऊ शकते. झटके आले, मूल आडवे आले, वार अडकली, तर थोडा अधिक अवधी मिळतो, एवढेच. यांतील बहुतेक संकटे आधी ओळखू येत नाहीत. सातव्या महिन्यापर्यंत सारे तपशील उत्तम असलेली धडधाकट स्त्रीही त्यात सापडते. म्हणून ‘नाव नोंदवले नव्हते’, ‘तपासण्या केल्या नाहीत’ असे म्हणून मेलेल्या स्त्रीलाच दोष देण्याची जी पद्धत पडली आहे, ती शास्त्राला धरून नाही आणि माणुसकीला तर नाहीच.

महाराष्ट्राची आकडेवारी या बाबतीत वाईट नाही, हे मान्य केले पाहिजे. २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. केरळात १९. राज्यातील शंभरापैकी जवळजवळ पंचाण्णव बाळंतपणे आता रुग्णालयात होतात. पहिला उशीर, घरातला, पुष्कळ कमी झाला आहे. आशा कार्यकर्त्या, परिचारिका आणि सुशिक्षित होत चाललेल्या मुली यांचे हे श्रेय आहे; आशांना मानधनासाठी दरवेळी रस्त्यावर यावे लागते हा त्यांच्या श्रेयाचा सरकारी मोबदला. परंतु बाई घराबाहेर पडली म्हणजे वाचली, असा याचा अर्थ नाही. आता तिचा जीव दुसऱ्या आणि तिसऱ्या उशिरात अडकतो.

दुसऱ्या उशिरासाठी १०८ क्रमांकाची सेवा आहे. २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी ती राज्यभर सुरू झाली, आणि तिने असंख्य जीव वाचवले यात शंका नाही. पण पश्चिम द्रुतगती मार्गावरच्या किंवा शिळफाट्याच्या कोंडीत रुग्णवाहिकेचा भोंगा हा बहुधा नुसता आवाज असतो. म्हणून बाया लोकलने येतात. लोकलच्या डब्यात किंवा फलाटावर स्त्री बाळंत झाली, सहप्रवासी बायांनी साड्यांचा आडोसा केला, बाळ-बाळंतीण सुखरूप, अशी बातमी वर्षातून तीन-चारदा छापून येते आणि माणुसकीचा गहिवर म्हणून वाचली जाते. बायांची माणुसकी खरीच आहे. पण ती बातमी वस्तुतः थोडक्यात टळलेल्या अपघाताची असते, आणि जे टळले नाहीत त्यांची बातमी होत नाही.

तिसरा उशीर सर्वांत लाजिरवाणा, कारण तो रुग्णालयाच्या दाराच्या आत घडतो. मुंबई महापालिकेची सुमारे तीस प्रसूतिगृहे आहेत, त्यांवर उपनगरी रुग्णालये आणि त्यांवर केईएम, शीव, नायर. रचना उत्तम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी १९९७ साली घालून दिलेले माप असे, की पाच लाख वस्तीमागे तातडीच्या प्रसूतिसेवेची किमान पाच केंद्रे असावीत आणि त्यांपैकी निदान एका ठिकाणी शस्त्रक्रिया व रक्त चढवण्याची सोय असावी. दिवसा, कागदावर मोजले तर मुंबईला हे माप पुरे करणे अवघड जाऊ नये. रात्री दोन वाजता मोजावे. भूलतज्ज्ञ जागेवर आहे की फोन करून बोलवावा लागतो? रक्त फ्रीजमध्ये आहे की नवऱ्याला चिठ्ठी देऊन शहरभर पिटाळले जाते? वीज गेली तर काय? यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले की प्रसूतिगृह ‘वरच्या’ रुग्णालयाकडे चिठ्ठी लिहिते. ती चिठ्ठी घेऊन कुटुंब टॅक्सी शोधते. वरच्या रुग्णालयाला कोणी कळवलेले नसते. तेथे एका खाटेवर दोन बायका असतात, आणि निवासी डॉक्टर छत्तीस तास जागा असतो. त्याच्यावर हात उगारला जातो तेव्हा गुन्हा नोंदवला जातो. चिठ्ठी लिहिणाऱ्या व्यवस्थेवर कोणी गुन्हा नोंदवत नाही.

हे सुधारणे अशक्य नाही हे मुंबईतच सिद्ध झाले आहे. शीव रुग्णालयातील नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली तेथे आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. १९९९ साली त्यांनी स्थापन केलेल्या ‘स्नेहा’ या संस्थेने महापालिकेच्या प्रसूतिगृहांसमवेत एकाच गोष्टीवर पुष्कळ काम केले: कोणत्या रुग्णाला कोठे पाठवावयाचे, पाठवण्यापूर्वी काय करावयाचे, आणि कोणाला कळवावयाचे. यात यंत्रसामग्री फारशी लागत नाही. शिस्त लागते, आणि वरिष्ठाने कनिष्ठाचा फोन उचलण्याची सवय लागते. एप्रिल २०२० मध्ये नायर रुग्णालय कोविडसाठी राखले गेले, तेव्हा अन्य दारे बंद होत असताना कोविडबाधित मातांची बाळंतपणे तेथील सार्वजनिक सेवेतल्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी केली. कौशल्याची वाण तर या शहरात कधीच नव्हती. गर्भपिशवीचे तोंड सैल पडू नये म्हणून घालावयाचा टाका जगभर ‘शिरोडकर टाका’ म्हणून ओळखला जातो, तो मुंबईत काम केलेल्या, गोव्यात जन्मलेल्या डॉ. वि. ना. शिरोडकरांचा. शास्त्रीय नोंद असलेले देशातील पहिले परीक्षानळी-बाळ ऑगस्ट १९८६ मध्ये केईएममध्येच जन्मले. ज्या इमारतीत हे घडते, तेथे एखादी बाई स्ट्रेचर मिळेना म्हणून दारात ताटकळत राहावी, याला अज्ञान किंवा दारिद्र्य हे कारण देता येणार नाही.

पैसा नाही असेही म्हणता येत नाही. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता; आरोग्याच्या वाट्याला त्याचा सुमारे दहावा हिस्सा आला. रस्ते आणि समुद्रावरचे मार्ग यांसाठी या शहरात निधी कधी थकत नाही. थकतो तो कोणाचा? जानेवारी २०२० मध्ये वाडिया रुग्णालयांचे अनुदान थकले, औषधे संपत आली, रुग्णांना घरी पाठवण्याची वेळ आली. महापालिका, राज्य सरकार आणि विश्वस्त एकमेकांकडे बोट दाखवीत राहिले. विश्वस्तांच्या कारभाराविषयी महापालिकेच्या तक्रारी असतील, त्यांत तथ्यही असेल. त्यांची तपासणी जरूर व्हावी. पण हिशेबाच्या भांडणात बाळंतिणीची खाट ओलीस ठेवली गेली. उच्च न्यायालयाने सरकारला खडसावले आणि परळच्या रस्त्यावर माणसे उतरली, तेव्हा कोठे पैसे सुटले. मार्च २०२२ नंतर तर कित्येक वर्षे महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते, प्रशासक होता. भांडुपची घटना घडली त्या दिवशी जाब विचारण्यासाठी वॉर्डाला नगरसेवक नव्हता.

खाजगीकरणाचे पुरस्कर्ते याच दुरवस्थेकडे बोट दाखवून सार्वजनिक-खाजगी भागीदारीचा तोडगा पुढे करतात. त्यांना पुण्याची घटना हे पुरेसे उत्तर आहे. धर्मादाय रुग्णालये ही नावाने तरी सार्वजनिक हितासाठी आहेत. सवलतीची जमीन, करमाफी हे सारे त्यांनी घेतले आहे. २००६ साली उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बलांना सवलतीत देणे त्यांना बंधनकारक आहे, आणि तातडीच्या रुग्णाकडे अनामत न मागता जीव वाचवण्याचा उपचार सुरू करणेही. म्हणजे पुण्याच्या दुर्घटनेनंतर ‘यापुढे तातडीच्या रुग्णाकडून अनामत घेणार नाही’ अशी जी घोषणा झाली, ती एकोणीस वर्षे अंगावर असलेल्या कर्तव्याची होती. गिरगावापासून दादरपर्यंत अशी रुग्णालये आहेत. त्यांच्या दाराशी या योजनेचा मराठी फलक वाचता येईल अशा जागी लावला आहे का, हे पाहून यायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

कायद्याचा आधारही कष्टकऱ्यांनीच मिळवून दिलेला आहे. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले. त्याच्या शेतमजूर संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९९६ साली न्यायालयाने निर्णय दिला, की वेळेवर तातडीचे उपचार न देणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे आणि पैशाची अडचण ही सबब सरकारला सांगता येणार नाही. २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाने हाच हक्क गरीब बाळंतिणींच्या बाबतीत स्पष्ट केला. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे: सरकारी रुग्णालयात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त आणि ने-आण मोफत. नवऱ्याला रक्तासाठी पिटाळणारी प्रत्येक चिठ्ठी ही या कार्यक्रमाचा भंग आहे, आणि ती जपून ठेवली तर पुरावाही आहे.

श्रीलंकेसारख्या गरीब देशाने मातामृत्यू आटोक्यात आणले ते प्रशिक्षित सुईणी आणि मोफत रुग्णालये यांच्या बळावर, आणि प्रत्येक मृत्यूची चौकशी करण्याच्या चिवट सवयीवर. चौकशी आपल्याकडेही होते. पण तिचे निष्कर्ष फायलीत राहतात. मेलेल्या बाईच्या घरच्यांना आणि तिच्या वॉर्डाला त्यातले काही कळत नाही. नाव-गाव झाकून हे निष्कर्ष दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध झाले पाहिजेत, ही मागणी पक्षाच्या सर्व शाखांनी लावून धरण्यासारखी आहे. मुंबईच्या रुग्णालयांत नोंदल्या जाणाऱ्या मातामृत्यूंत ठाणे, पालघर, रायगडहून अखेरच्या क्षणी पाठवलेल्या स्त्रिया पुष्कळ असतात. महापालिका हे स्वतःच्या बचावासाठी सांगते. त्याचा खरा अर्थ मात्र असा, की विरार, भिवंडी आणि जव्हार येथे रात्री चालणारे शस्त्रक्रियागृह आणि रक्तसाठा उभा राहिल्याखेरीज परळची गर्दी ओसरणार नाही, आणि शेलू-वांगणीला घरे बांधण्याची भाषा करणाऱ्यांनी तेथे प्रसूती रुग्णालय कोठे आणि केव्हा होणार हे घराच्या नकाशाबरोबरच दाखवले पाहिजे.

शाखांनी तोवर एक काम हाती घ्यावे. मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी पाण्याच्या प्रश्नावर महापालिकेला धारेवर धरले, तेव्हा कोणत्या चाळीत नळ किती वाजता येतो याची माहिती अधिकाऱ्यांपेक्षा त्यांच्याजवळ अधिक असे. परळ, लालबाग, नायगाव, दादर येथील कार्यकर्त्यांनी आपापल्या प्रसूतिगृहात महिन्यातून दोन रात्री जावे. भूलतज्ज्ञ किती वाजेपर्यंत आहे, जनरेटर शेवटचा केव्हा चालवून पाहिला, रक्त कोठून येते, पाठवलेल्या बाईबरोबर परिचारिका जाते का, एवढेच विचारावे. परिचारिकांशी आणि आयांशी भांडू नये. त्या या लढ्यात आपल्या बाजूच्या आहेत, त्यांच्या रिक्त जागा हा मागणीचाच भाग आहे. बदलापूर, कर्जत, विरारच्या शाखांनी आपल्याकडून परळला पाठवल्या गेलेल्या स्त्रियांच्या वेळा टिपाव्यात: घरून केव्हा निघाली, किती दारे फिरली, उपचार केव्हा सुरू झाला. तीन महिन्यांच्या या नोंदी एकत्र करून महापालिका आयुक्त आणि आरोग्य संचालक यांच्यापुढे ठेवाव्यात, आणि शिष्टमंडळात लालबागच्या बायकांबरोबर वांगणीच्या बायकाही असाव्यात.